जमिनीखालचे सफाई कामगार

भूजलात मिसळलेली क्लोरीनयुक्त रसायनं काढायला काही जिवाणू मदत करतात. पण त्यांचं काम अर्ध्यावर थांबलं तर? बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येक घरासाठी.

तुमच्या सोसायटीत पाणी कुठून येतं, हे तुम्हाला नक्की सांगता येईल का? बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये हा प्रश्न विचारलात तर बहुतेकदा एका शब्दात उत्तर मिळत नाही. थोडं कावेरीचं, थोडं बोअरवेलचं आणि उन्हाळा चढला की टँकरचं. सगळं एकाच टाकीत पडतं आणि नळाला येताना एकच पाणी होऊन येतं. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून नोकरीसाठी इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांनाही आता हे सवयीचं झालं आहे.

एचएसआरच्या कडेला अगरा तलाव आहे आणि त्याच्या पुढे बेळ्ळंदूर. बेळ्ळंदूरच्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर उभे राहिले, २०१७ आणि २०१८ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा साऱ्या देशानं ती दृश्यं पाहिली. ते प्रदूषण डोळ्यांना दिसत होतं, नाकाला जाणवत होतं. म्हणून त्यावर आरडाओरडा झाला, न्यायालयं आणि हरित लवाद जागे झाले.

पण जमिनीखालच्या पाण्याचं काय? त्याला फेस येत नाही आणि आगही लागत नाही. आज बोलायचं आहे ते या न दिसणाऱ्या प्रदूषणाबद्दल, आणि ते साफ करणाऱ्या तितक्याच न दिसणाऱ्या कामगारांबद्दल.

तुरटीनं न निवळणारं पाणी

आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, निवळीची बी उगाळून टाकायची, पाणी उकळायचं, फडक्यानं गाळायचं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. या उपायांनी माती खाली बसते, उकळल्यानं जंतू मरतात. पण पाण्यात पूर्ण विरघळलेलं रसायन तुरटीनं खाली बसत नाही आणि फडक्यातून गाळलंही जात नाही.

अशा रसायनांत एक मोठं घराणं आहे क्लोरीनयुक्त द्रावकांचं. द्रावक म्हणजे तेल, वंगण, चिकटा विरघळवून टाकणारा द्रव. यातली दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई. धातूच्या सुट्या भागांवरचं वंगण काढायला ते जगभर वापरलं गेलं. दुसरं टेट्राक्लोरोएथिलीन, म्हणजे पीसीई. हे ड्रायक्लीनिंगचं रसायन. सिल्कच्या साडीवरचा डाग पाणी न लावता काढायची करामत बरीच वर्षं त्याच्याच जोरावर चालली.

ही द्रावकं कामाला फार चांगली होती. पेट घेत नाहीत, लगेच वाळतात, स्वस्त पडतात. म्हणूनच विमानांच्या कारखान्यांपासून चिप बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांनी ती वापरली. वापरून झाल्यावर कुठे टाकायची, हा विचार मात्र कित्येक दशकं कुणी केला नाही. मागच्या अंगणात ओतली, खड्ड्यात टाकली, भूमिगत टाक्यांतून गळू दिली.

टीसीईमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्पष्टपणे नोंदवलं आहे. पीसीईला तिनं 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या दोन्हींची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता एक साधा हिशेब करू. एक लिटर टीसीईचं वजन जवळजवळ दीड किलो भरतं. ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेनं पाहिलं तर तेवढं एक लिटर सुमारे २९ कोटी लिटर पाणी पिण्यायोग्यतेच्या काठावर आणून ठेवतं. १२ हजार लिटरचा टँकर धरला तर असे २४ हजार टँकर!

जड आणि हट्टी

रॉकेल किंवा पेट्रोल सांडलं तर ते पाण्यावर तरंगतं. टीसीई, पीसीई मात्र पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड. ती भूजलाच्या वरच्या थरावर थांबत नाहीत. खडकाच्या भेगांतून, मातीच्या सांदीकोपऱ्यांतून खाली खाली उतरत जातात आणि जिथे कठीण थर लागेल तिथे साचतात. मग तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. वरून वाहणारं पाणी ती चव घेऊन पुढे जातं, आणि चार गल्ल्या पलीकडच्या बोअरमध्ये निघतं.

अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली हे याचं मोठं उदाहरण. सनीवेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजे ही नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, कारण कुणाचा भाचा, कुणाची मुलगी तिथे असतेच. १९८१ च्या अखेरीस सॅन होजेमध्ये फेअरचाइल्ड या चिप बनवणाऱ्या कंपनीची भूमिगत टाकी गळत असल्याचं उघड झालं आणि जवळची पिण्याच्या पाण्याची विहीर बंद करावी लागली. मग शोध सुरू झाला, आणि एकामागून एक कंपनीच्या अंगणाखाली द्रावकं सापडत गेली. स्वच्छ, झाडांनी भरलेली, धुराडं नसलेली ती वसाहत. पण त्या सांता क्लारा काउंटीत अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त 'सुपरफंड' जागा आहेत. सुपरफंड म्हणजे सरकारनं सफाईसाठी राष्ट्रीय यादीत घातलेल्या अतिप्रदूषित जागा. चाळीस वर्षांनंतरही तिथली सफाई संपलेली नाही.

बेंगळुरूला आपण भारताची सिलिकॉन व्हॅली म्हणतो, तेव्हा तिचा हा धडाही सोबत घ्यायला हवा. शिवाय बेंगळुरू केवळ संगणकाचं शहर नाही. इथे आधीपासून विमानं बनली, घड्याळं बनली, यंत्रं बनली. पीण्या औद्योगिक वसाहतीच्या भूजलात क्रोमियम सापडलं आहे. एचएसआरच्या पाण्यावर ठपका ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पण ज्या शहराची तहान बोअरवेल भागवतात, त्या शहरानं जमिनीखाली काय आहे याची माहिती ठेवलीच पाहिजे.

सफाईचा जुना मार्ग सरळ होता. पाणी पंपानं उपसायचं, वर आणून त्यात हवा सोडून किंवा कोळशातून गाळून स्वच्छ करायचं. पण खाली साचलेलं रसायन हळूहळू विरघळतच राहतं. त्यामुळे पंप दहा, वीस, तीस वर्षं चालवत बसावे लागतात. मग शास्त्रज्ञांना प्रश्न पडला: खाली जाऊन काम करणारं कुणी मिळेल का?

क्लोरीनवर श्वास घेणारा जीव

मिळालं. आणि तेही सांडपाण्याच्या गाळात.

क्लोरीनयुक्त द्रावकं जिवाणूंना पचत नाहीत, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. १९८० च्या दशकात हे चित्र बदलू लागलं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात फ्रीडमन आणि गॉसेट यांनी दाखवून दिलं, की हवा नसलेल्या ठिकाणी जिवाणूंचा समूह पीसीई आणि टीसीईमधला सगळा क्लोरीन काढून टाकू शकतो. पण त्या समूहात नेमका कारागीर कोण, हे कळायला आणखी आठ वर्षं गेली. १९९७ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी इथाका गावाच्या सांडपाणी प्रकल्पातल्या गाळापासून वाढवलेल्या जिवाणूंतून तो वेगळा केला. आज त्याचं शास्त्रीय नाव आहे डिहॅलोकॉक्कॉइड्स मॅककार्टी. यातलं 'मॅककार्टी' हे या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या पेरी मॅककार्टी या अभियंत्याच्या सन्मानार्थ.

हा जीव आहे मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा. त्याची गंमत अशी, की तो या रसायनांवर श्वास घेतो.

म्हणजे काय? तुम्ही-आम्ही जेवतो, त्या अन्नातून ऊर्जा काढतो आणि त्या प्रक्रियेत सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूच्या हवाली करतो. प्राणवायू नसला तर ही साखळी तुंबते आणि आपण गुदमरतो. डिहॅलोकॉक्कॉइड्सचं अन्न आहे हायड्रोजन. आणि इलेक्ट्रॉन हवाली करायला त्याला प्राणवायू नको, क्लोरीनयुक्त रसायन हवं. प्राणवायू उलट त्याला मारक आहे. तो एकेक इलेक्ट्रॉनची जोडी देतो आणि रसायनातला एकेक क्लोरीन सुटा होतो. सुटा झालेला क्लोरीन क्लोराइड बनतो, म्हणजे आपल्या मिठात असतो तोच.

या जीवाला दुसरं काही येतच नाही. साखर खाऊन जगणं नाही, प्राणवायू घेणं नाही. असा एकमार्गी कारागीर कोट्यवधी वर्षांच्या निसर्गात कसा टिकला? कारण क्लोरीन असलेली सेंद्रिय रसायनं निसर्गातही तयार होतात. माणसानं कारखाने काढले आणि त्याच्यासमोर अचानक मोठी पंगत वाढली गेली, एवढंच.

चार पायऱ्या, आणि मधला धोका

आता लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती नीट वाचा.

पीसीईच्या रेणूत चार क्लोरीन असतात. एक काढला की उरते टीसीई, तीन क्लोरीनची. आणखी एक काढला की डायक्लोरोएथिलीन, म्हणजे डीसीई, दोन क्लोरीनचं. तिसरा काढला की व्हिनाइल क्लोराइड, एका क्लोरीनचं. चौथा काढला की उरतं एथिलीन.

एथिलीन तुमच्या ओळखीचं आहे. आढीत घातलेले आंबे पिकताना, केळीचा घड पिवळा होताना फळांतून जो वायू निघतो, तोच हा. भूजलात त्याची भीती नाही.

पण शेवटून दुसरी पायरी पाहा. व्हिनाइल क्लोराइड. पीव्हीसी बनवण्याचा हा कच्चा माल माणसात कर्करोग करतो, हे पक्कं सिद्ध झालं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा टीसीईपेक्षाही कडक आहे, लिटरमागे फक्त २ मायक्रोग्रॅम. (तुमच्या घरातल्या पीव्हीसी पाइपला घाबरू नका. तयार पीव्हीसी हा वेगळा पदार्थ आहे.)

म्हणजे सफाई सुरू झाली आणि तिसऱ्या पायरीवर अडकली, तर पाणी आधीपेक्षा जास्त धोकादायक होऊ शकतं. आणि अडकण्याची शक्यता खरी आहे. पहिल्या दोन पायऱ्या उतरवू शकणारे जिवाणू बरेच आहेत. शेवटपर्यंत नेणारे मात्र मुख्यतः डिहॅलोकॉक्कॉइड्स, आणि त्यांच्यातही सगळ्याच वाणांना शेवटची पायरी जमत नाही. त्यासाठी लागणारी विशिष्ट जनुकं असावी लागतात. म्हणून आज अशा ठिकाणी पाण्याच्या नमुन्यात ती जनुकं आहेत का, किती आहेत, हे पीसीआरनं मोजतात. कोविडच्या काळात घराघरात पोचलेली तीच चाचणी.

घरकामातला नियम इथेही लागू होतो. अर्धी पुसलेली फरशी न पुसलेल्या फरशीपेक्षा जास्त निसरडी असते.

काळ्या पाषाणात पनीरचं पाणी

जिवाणूंना कामाला लावायचं कसं? पहिला मार्ग म्हणजे खाली जे आहेत त्यांनाच जेवू घालणं.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत 'टेस्ट एरिया नॉर्थ' नावाचा भाग आहे. १९५० च्या दशकापासून १९७२ पर्यंत तिथलं सांडपाणी, गाळ आणि टीसीई सरळ एका विहिरीत सोडलं जात होतं. दूषित पाण्याचा पट्टा सुमारे तीन किलोमीटर लांब पसरला. खाली खडक कसला? भेगाळलेला बेसाल्ट. आपल्या महाराष्ट्राचं पठार ज्या काळ्या पाषाणाचं बनलं आहे, त्याच जातीचा. पाणीही दोनशे फुटांहून खोल.

१९९९ मध्ये तिथे पाण्यात सोडियम लॅक्टेट सोडायला सुरुवात झाली. दही आंबवणारं जे आम्ल, त्याचाच हा क्षार. पुढे त्याऐवजी चीज करताना उरणाऱ्या पाण्याची भुकटी वापरली गेली. पनीर फडक्यात बांधल्यावर खाली जे हिरवट पाणी गळतं, त्याच प्रकारचं हे पाणी. ते खाऊन इतर जिवाणूंनी ते आंबवलं, त्यातून हायड्रोजन सुटला, आणि तिथे आधीपासूनच असलेल्या क्लोरीन काढणाऱ्या जिवाणूंना जेवण मिळालं. टीसीई पायऱ्या उतरत एथिलीनपर्यंत गेली.

इतर ठिकाणी साखर कारखान्यांची मळी, सोयाबीनचं तेल पाण्यात घुसळून केलेलं दुधासारखं मिश्रण, असंही अन्न वापरतात. आपल्या ऊसपट्ट्याला आणि दूधसंघांना ही नावं परकी नाहीत. यातला मुद्दा लक्षात घ्या: कारागीर एकटा काम करत नाही. आंबवणारे त्याला हायड्रोजन पुरवतात, दुसरे काही जिवाणू ब-१२ जीवनसत्त्व देतात, तिसरे आजूबाजूचा प्राणवायू संपवून टाकतात. पंगतीत वाढणारे नसतील तर जेवणारा उपाशी राहतो.

विरजण लावावं लागतं तेव्हा

कधी कधी खाली योग्य जिवाणू नसतातच. दूध कितीही चांगलं असलं, तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. तसंच हे.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात केली नावाचा हवाई दलाचा तळ होता. तिथल्या भूजलात पीसीई होती. संशोधकांनी आधी मिथेनॉल आणि ॲसिटेट हे अन्न दिलं. पीसीई, टीसीई कमी झाली, पण काम डीसीईवर येऊन थांबलं. मग प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवाणूंचं मिश्रण जमिनीत सोडलं. 'केबी-१' नावाचं हे विरजण मूळचं कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका दूषित जागेतून मिळालेलं. सुमारे २०० दिवसांत चाचणीच्या भागातलं पीसीई, टीसीई आणि डीसीईचं प्रमाण लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं आणि एथिलीन दिसू लागलं. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतर अशी विरजणं जगात अनेक ठिकाणी लावली गेली.

विरजण लावायच्या अटी मात्र दह्यापेक्षा खूप कडक आहेत. प्राणवायू चालत नाही. पाणी फार आम्लधर्मी चालत नाही. आजूबाजूला क्लोरोफॉर्म असेल तर डिहॅलोकॉक्कॉइड्सचं काम मंदावतं. आणि ते मुळातच सावकाश वाढतात. दूध रात्री विरजलं की सकाळी दही मिळतं. इथे महिने मोजावे लागतात, कधी वर्षं.

शिवाय या उपायाचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत. प्राणवायू संपला की खडकातलं लोह, मँगनीज, कधी आर्सेनिकही पाण्यात उतरतं. मिथेन तयार होतो. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून हे काम सुरू असताना त्या भागातलं पाणी कुणी प्यायचं नसतं, आणि चारही बाजूंच्या निरीक्षण विहिरींतून नमुने घेत राहावे लागतात.

भोपाळची न संपलेली गोष्ट

आपल्या देशात क्लोरीनयुक्त रसायनं आणि भूजल म्हटलं की भोपाळ आठवतं. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कारखान्याचा रासायनिक कचरा आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकला जात होता, हे तितकं बोललं जात नाही. १९९९ मध्ये ग्रीनपीसनं जवळच्या वस्त्यांतल्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोबेंझीन ही रसायनं सापडली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी त्या जागेचा अभ्यास केला.

कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. म्हणजे अपघातानंतर चाळीस वर्षांनी. आणि हा कचरा जमिनीच्या वर होता, पोत्यांत भरता येत होता. मातीत आणि पाण्यात उतरलेलं असं उचलून नेता येत नाही.

मग तिथे जिवाणू का सोडत नाहीत, असं तुमच्या मनात येईल. उत्तर सोपं नाही. तिथे एक रसायन नाही, मिश्रण आहे. क्लोरोफॉर्मवर जगणारे जिवाणू वेगळे, डिहॅलोबॅक्टर नावाचे. क्लोरोबेंझीनवर काम करणारे डिहॅलोकॉक्कॉइड्सचे काही वाण वेगळे. एकाचं खाद्य दुसऱ्याला बाधतं. आधी कोणतं रसायन कुठे, किती खोल आणि कोणत्या दिशेनं चाललंय, याचा बारीक नकाशा हवा. मगच कुणाला, कुठे, किती सोडायचं ते ठरतं. सफाई लांबली की नकाशाही पसरत जातो.

आपल्याकडे शास्त्र कमी आहे असं नाही. दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक रूप लाल यांच्या गटानं लिंडेन या क्लोरीनयुक्त कीटकनाशकाचे अवशेष तोडणाऱ्या स्फिंगोबियम इंडिकम या जिवाणूवर अनेक वर्षं काम केलं. जिवाणूच्या नावातच भारत आहे! तेव्हा अडतं ते जिवाणूंपाशी नाही. अडतं ते वेळेवर तपासणी, सलग पैसा आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारी यंत्रणा यांच्यापाशी.

तुमच्या घरी, तुमच्या सोसायटीत

हे सगळं वाचून तुम्ही काय करायचं? घाबरायचं तर मुळीच नाही. पण काही गोष्टी नक्की करता येतील.

• योग्य चाचणी मागा. सोसायटीची नेहमीची पाणी-चाचणी टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतू पाहते. टीसीई, पीसीई त्यात दिसत नाहीत. जवळ जुना कारखाना, धातूकाम किंवा रंगकामाच्या कार्यशाळा, मोठी ड्रायक्लीनिंगची भट्टी किंवा कचरा डेपो असेल, तर एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत 'बाष्पशील सेंद्रिय रसायनां'ची, म्हणजे व्हीओसीची चाचणी वेगळी मागून घ्या. नमुना प्रयोगशाळेनं दिलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचा, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि थंड ठेवून लवकर पोचवायचा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं भरलेलं पाणी नेलं तर रसायन हवेत उडून जातं आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

• उकळण्यावर विसंबू नका. जंतूंसाठी उकळणं उत्तम. पण टीसीई ८७ अंशांनाच उकळते. ती पाण्यातून उडते खरी, पण जाते तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत. गरम पाण्याच्या आंघोळीतही वाफेबरोबर ती श्वासात येते. म्हणजे दूषित पाणी फक्त प्यायचं टाळून भागत नाही.

• फिल्टरमध्ये कोळसा पाहा. असे लहान रेणू अडवण्यासाठी एकट्या आरओच्या पडद्यावर अवलंबून राहू नका. त्यांना धरून ठेवतो तो सक्रिय कोळसा. पण कोळसा भरून गेला की काम थांबतं, आणि चवीवरून ते कळत नाही. काडतूस ठरलेल्या मुदतीत बदला. व्हिनाइल क्लोराइडवर मात्र घरगुती कोळशाचा भरवसा धरू नका. चाचणीत ही रसायनं आली तर फिल्टर शोधत बसण्याऐवजी तो पाण्याचा स्रोतच पिण्यासाठी बंद करा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

• बोअरमध्ये पुड्या ओतू नका. सेप्टिक टँकसाठी 'जिवाणूंची पावडर' बाजारात मिळते. ती मैला कुजवायला असते. टीसीईशी तिचा संबंध नाही. आणि पिण्याच्या बोअरमध्ये मळी, गूळ किंवा ताक ओतून कुठलीही सफाई होत नाही, उलट पाणी नासतं. हे काम तज्ज्ञांचं, आणि तेही निरीक्षण विहिरींसह.

• पाणी जिरवताना जागा पाहा. बेंगळुरूत मोठ्या भूखंडांवर पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं २००९ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. फार चांगली गोष्ट. पण पुनर्भरण विहिरीत छताचं पाणी सोडा, पार्किंगचं किंवा गॅरेजसमोरचं नाही. बंद पडलेल्या बोअरचं तोंड पक्कं बुजवा. उघडा बोअर म्हणजे खालच्या पाण्याकडे जाणारा सरळ जिना.

• थिनर गटारात नको. रंग काढायचा द्रव, वंगण साफ करायचे स्प्रे, जुनं कीटकनाशक हे सगळं घातक कचऱ्यात द्या. मोरीत ओतलेलं कुठेही 'निघून' जात नाही.

• टँकरवाल्याला विचारा. पाणी कुठल्या बोअरचं आहे, शेवटची चाचणी कधी झाली, अहवाल दाखवा. एका घरानं विचारलं तर तो हसेल. दोनशे घरांच्या सोसायटीनं विचारलं तर आणून देईल.

कामगार आहेत, मुकादम हवा

या जिवाणूंची गोष्ट सांगताना बरेचदा निसर्ग स्वतःच सगळं साफ करतो, असा सूर लागतो. तो अर्धाच खरा आहे. आयडाहोमध्ये खडकाखाली जिवाणू आधीपासून होते, पण ते पोटभर जेवले ते माणसानं रसायन कुठे आहे हे शोधलं, अन्न पोचवलं आणि वर्षानुवर्षं नमुने घेतले म्हणून. सॅन अँटोनिओत काम मधल्या पायरीवर अडकलं, हे कळलं तेही कुणीतरी मोजत होतं म्हणून. मोजलं नसतं तर सगळ्यांना वाटलं असतं, पीसीई गेली, काम झालं.

जमिनीखालचे हे कामगार पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत, अंधारात राबतात. पण त्यांना मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे सरकारी मंडळ, प्रयोगशाळा, महापालिका. आणि या सगळ्यांना प्रश्न विचारणारे तुम्ही.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंग आणि लिफ्टचा विषय संपला की एक विषय तुम्ही मांडा: आपल्या बोअरच्या पाण्याची व्हीओसी चाचणी शेवटची कधी झाली? 'कधीच नाही' असं उत्तर आलं, तर पहिली चाचणी कधी करायची त्याची तारीख तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घ्या.